प्रश्नचिन्हांचा समुद्र

गेम टेस्टिंगच्या नोकरीत मी उमेदीची वर्षं काढली, तीही पुण्यात. नातेवाइकांच्या मते मी दिवसभर ऑफिसात गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचे. त्यामुळे लग्नकार्यात किंवा सोसायटीच्या गणपतीत कॉलेजातला एखादा मुलगा गाठून विचारायचाच, "ताई, रेड डेड टू संपवला असेल ना तुम्ही? आणि विचर?" मी सांगायचे, नाही संपवला. स्कायरिमही नाही, झेल्डाही नाही. एल्डन रिंग तर जेमतेम सुरू केला आणि ठेवून दिला. मुलाच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास दिसायचा, मग कीव. गेल्या पंधरा वर्षांत ज्या गेमचं जगभर सर्वांत जास्त कौतुक झालं, त्यांतला जवळजवळ एकही मी शेवटपर्यंत नेलेला नाही. काही तर मला आवडलेच नाहीत. याची मला लाज वाटत नाही. पण असं का झालं, यावर मी बराच विचार केला आहे. त्याचं थोडं कारण माझ्या नोकरीत आहे आणि बरंचसं त्या गेमच्या घडणीत.

ज्यांनी कधी कंट्रोलर हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मारिओच्या जुन्या गेममध्ये डावीकडून उजवीकडे जायचं, एक टप्पा संपला की दुसरा सुरू. ओपन वर्ल्ड गेममध्ये तसं नसतं. एक अख्खा प्रदेश तुमच्यासमोर मोकळा सोडलेला असतो : शहरं, डोंगर, नद्या, माणसं. मुख्य कथा कुठेतरी थांबलेली असते. तिकडे जा, नाहीतर मासे पकडत बसा. कल्पना जुनी आहे. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी १९८४ साली केलेल्या 'एलिट'मध्ये आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि कुठल्या ग्रहावर काय विकायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. पण आज आपण ज्याला ओपन वर्ल्ड म्हणतो तो साचा २००१च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो थ्री'ने पक्का केला.

आपल्याकडे घराघरात पोचला तो त्याच्या पुढच्या वर्षीचा 'व्हाइस सिटी'. आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर, नाहीतर मित्राकडून आणलेल्या सीडीवरून घरच्या पीसीत, सगळ्यांनी तो खेळला. पण खेळला म्हणजे काय केलं? मोटरसायकल पळवली, समुद्रकिनारी भटकलो, गाडीतला रेडिओ ऐकला. कीबोर्डवर 'पॅन्झर' टाइप केलं की आकाशातून पडल्यागत रणगाडा हजर व्हायचा. तो घेऊन पोलिसांच्या अंगावर जायचं, आणि पोलिसांनी धरलं की पुन्हा पहिल्यापासून. मिशन क्वचितच कुणी करायचं. ज्यांनी केली त्यांतले कितीतरी त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या मिशनपाशी अडकले. रिमोटचं हेलिकॉप्टर उडवत अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे, तेही ठरलेल्या वेळात. कीबोर्डवर ते हेलिकॉप्टर सरळ उडायचंच नाही. बहुतेकांनी तिथे हात टेकले आणि परत समुद्रकिनारी मोटरसायकल पळवायला गेले. गेम संपला नाही म्हणून कुणी उदास झाल्याचं मला आठवत नाही. त्याला शेवट आहे हेसुद्धा बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. किती टक्के झाला याचा आकडा त्यातही होता. पण तो मेनूच्या आत दडलेला होता आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

मग मी नोकरीला लागले.

टेस्टरचं काम खेळण्यापेक्षा जमीन मोजणीच्या जवळचं आहे. नकाशाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही चौकोन येतात. आपल्या चौकोनातल्या प्रत्येक भिंतीला, कुंपणाला, दगडाला पात्र नेऊन भिडवायचं. ते अडकतंय का, भिंतीतून आरपार जातंय का, जमिनीतून खाली पडतंय का, हे बघायचं. दोन खडकांच्या सांध्यातून मागचं आकाश दिसत असेल तर तेही टिपायचं. सापडलं की बग लिहायचा : कुठे, काय केल्यावर, दहा वेळा केलं तर किती वेळा होतं, सोबत व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी नवा बिल्ड, म्हणजे गेमची दुरुस्त केलेली आवृत्ती यायची. आधीचं दुरुस्त झालं का आणि ते दुरुस्त करताना दुसरं काही मोडलं का, हे पाहायला तेच चौकोन पुन्हा चालायचे. रात्री जाताना काही मशिनांवर गेम नुसता चालू ठेवून जायचं आणि सकाळी कोणती बंद पडली ते नोंदवायचं. कधीकधी आपण मोठ्या हौसेने लिहिलेला बग 'ॲज डिझाइन्ड' असा शेरा घेऊन परत यायचा. म्हणजे ते तसंच असणं अपेक्षित होतं, तुम्ही पुढचं बघा.

आमच्या हातात डीबग मेनू असायचा. नकाशावर कुठेही क्षणात जाता यायचं, पात्र अमर करता यायचं, दुपारची मध्यरात्र करता यायची. कथेचा शेवट तपासायचा असेल तर थेट शेवटाशी उतरायचं. नायक मरतो की जगतो, हे आम्हाला तो कोण आहे हे कळण्याआधी कळायचं. अशी वर्षं गेली की गेमच्या शेवटाबद्दल कुतूहल उरत नाही. घरी आल्यावर एखादं नवं गाव पडद्यावर उघडलं की आधी त्याच्या कुंपणाकडे लक्ष जायचं.

पण सगळा दोष नोकरीवर टाकता येत नाही. माझ्याच रांगेत बसणारे, माझ्याइतकेच चौकोन चालणारे सहकारी रात्री घरी जाऊन पहाटेपर्यंत विचर खेळायचे आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी त्याच्याबद्दलच बोलायचे. त्यांना जे मिळत होतं ते मला का मिळत नव्हतं, याचं उत्तर गेमगणिक वेगळं आहे.

'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ला आला. हात बांधलेला एक कैदी बैलगाडीच्या वेगाने चालणाऱ्या घोडागाडीतून वधस्थळाकडे जात असतो, तेवढ्यात ड्रॅगन येतो, धांदल उडते, कैदी निसटतो आणि अख्खा बर्फाळ मुलूख त्याला मोकळा होतो. सुरुवात म्हणून हे उत्तमच होतं. माझा खेळ बिघडला तो त्यातल्या एका उदार नियमाने : जे दिसतं ते जवळपास सगळं उचलता येतं. वाट्या, चमचे, मेणबत्त्या, पुस्तकं, चीजची अख्खी चाकं. उचलता येतं म्हणून उचलायचं. मग वजन मर्यादेबाहेर गेलं की पात्राला पळता येत नाही, ते रखडत चालतं. म्हणून गावात जाऊन विकायचं. तर दुकानदाराकडचे पैसे संपतात, म्हणून दुसरं गाव गाठायचं. ड्रॅगनपासून जग वाचवायला निघालेला माझा वीर भंगारवाल्याच्या धंद्यात स्थिरावला. त्यातच तिथल्या एका सोयीची तेव्हा फार वाहवा झाली होती : काही कामं गेम स्वतःच तयार करतो. अमुक गुहेत जा, तमुक माणसाला मार, अमकी वस्तू आण. गुहा, माणूस आणि वस्तू दर वेळी बदलते, त्यामुळे कामं कधीच संपत नाहीत. खेळणाऱ्यांना ती भर वाटली. मला त्यात गाळलेल्या जागा दिसल्या. ऑफिसात असेच तक्ते भरून मी घरी आलेली असायचे.

'द विचर ३ : वाइल्ड हंट'बद्दल मला आदर आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने मे २०१५मध्ये तो आणला. आन्द्रेई सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवर तो बेतलेला आहे. नायक गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. त्यात वेलेन नावाचा दलदलीचा, युद्धाने उजाड झालेला मुलूख आहे. तिथला एक दारुडा सरदार गेराल्टला आपली हरवलेली बायको आणि मुलगी शोधायला सांगतो. शोधता शोधता कळतं की त्या पळून गेल्या आहेत, आणि त्या पळण्याचं कारण तोच आहे. त्याने बायकोला मारहाण केलेली असते आणि तिचा गर्भ पडलेला असतो. बारसं न होता पुरलेल्या त्या अर्भकाचं पिशाच्च झालेलं असतं. शाप काढायचा असेल तर सरदाराने त्याला हातांत घेऊन वाड्यावर आणायचं, त्याला नाव द्यायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. मी हे खेळत होते तेव्हा माझ्या डोक्यात एकही चौकोन नव्हता. बाळाला नाव देणं, उंबरठा, बापाचं उशिरा सुचलेलं शहाणपण, यातलं काहीच मला परदेशी वाटलं नाही.

नंतर मी स्केलिगेला पोचले. हा बेटांचा प्रदेश. नकाशा उघडला तर समुद्रभर प्रश्नचिन्हं पसरलेली. प्रत्येक प्रश्नचिन्ह म्हणजे न पाहिलेली जागा. होडी काढायची, तिथे जायचं, पाण्यात तरंगणारी पिंपं आणि पेट्या फोडायच्या, उडत येणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी मारायच्या, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे वळायचं. बहुतेक ठिकाणी तेच : तस्करांनी लपवलेला माल. ज्या लेखकांनी त्या सरदाराची कथा लिहिली त्यांच्याच गेममध्ये हा समुद्र कसा आला, याचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. समुद्र काढून झाला होता, तो रिकामा दिसत होता, आणि रिकामी जागा गिऱ्हाईक सहन करणार नाही अशी निर्मात्यांना भीती असते. मग ती भरतात. शिवाय गेराल्ट ज्या मुलीला शोधतोय ती सिरी, त्याची मानसकन्या. तिच्यामागे यमदूत लागलेत. ती क्षणाक्षणाला संकटात आहे असं प्रत्येक पात्र सांगतं. आणि बाप खानावळीत बसून ग्वेन्ट नावाचा पत्त्यांचा डाव खेळतोय, कारण तो डाव खरोखर चांगला आहे. कथा म्हणते धाव, नकाशा म्हणतो थांब. या ओढाताणीत माझं मन कथेवरून उडालं. पुढे डिसेंबर २०२२मध्ये या गेमची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा नकाशावरची प्रश्नचिन्हं आपोआप झाकलेली राहतील अशी सोय त्यांनी स्वतःच केली. ते वाचून मला बग मंजूर झाल्याचा आनंद झाला.

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा ऑक्टोबर २०१८चा. काळ १८९९चा, अमेरिकेतली दरोडेखोरांची टोळी मोडकळीला आलेली आणि तिच्यातला आर्थर मॉर्गन. कारागिरीच्या बाबतीत याच्या तोडीचं मी फार थोडं पाहिलं आहे. दाढी दिवसागणिक वाढते. बंदूक साफ केली नाही तर नीट चालत नाही. शिकार केली की जनावर सोलून, पाठीवर घालून घोड्यापर्यंत न्यावं लागतं. थंडीत घोड्याचे वृषण आक्रसतात. हे कुण्या टेस्टरच्या यादीत आलं असणार आणि त्याने ते गंभीर चेहऱ्याने तपासलं असणार, या विचाराने मी एकटीच हसले होते.

पण हा गेम वेळ मागतो आणि तो घाईत द्यायचा नसतो. घरात शिरून कपाट धुंडाळायचं तर आर्थर एकेक खण उघडणार, एकेक डबा उचलणार. पहिलं प्रकरण बर्फात, आणि ते संपेपर्यंत मोकळं जग म्हणतात ते दिसतच नाही. माझा भाचा तेव्हा आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करत होता. तो मागे उभा राहून बघायचा.

"मावशी, तू चुकीचं खेळतेस. घाई कशाला करतेस? नुसतं घोड्यावरून फिर ना."

"आठ वाजता कुकर लावायचाय मला. तुला जेवायचंय की नाही?"

तो बरोबरच सांगत होता. वीस वर्षांच्या मुलाच्या सुट्टीत तो गेम फार सुंदर बसत होता. माझी खरी अडचण मात्र कुकरची नव्हती. मिशनच्या बाहेर हा गेम कमालीचा मोकळा आहे. मिशन सुरू झालं की तोच गेम हात धरून चालवतो. सांगितलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात, जरा वेगळ्या बाजूने घुसायला पाहिलंत, की मिशन फेल. इतकं जग उभं करून ऐन वेळी एकच गल्ली का, असं खेळणाऱ्याला वाटतं. टेस्टरला कारण माहीत असतं. समजा एका घरावर छापा घालायचा आहे. खेळणारा पायी येईल, घोड्यावर येईल, गाडी घेऊन येईल. दिवसा येईल, रात्री येईल, पावसात येईल. पुढच्या दाराने येईल, छपरावरून येईल, मागे पोलीस लावून येईल. प्रत्येक मुभा बाकीच्या सगळ्या मुभांशी गुणली जाते आणि गुणाकारातली प्रत्येक जोडी कुणीतरी चालवून बघावी लागते. पात्रांचे संवाद, चेहरे, कॅमेरा सगळं इतकं कोरीव असेल तर इतक्या वाटा परवडत नाहीत. म्हणून वाट बांधून टाकतात. ओपन वर्ल्डमधलं स्वातंत्र्य किती असावं याचा निर्णय बऱ्याचदा लेखकाच्या मनापेक्षा तपासणीच्या खर्चावर ठरतो.

याच्या उलट टोकाला मार्च २०१७चा 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. निन्टेन्डोने यात कथेच्या वाटा आखण्याऐवजी पदार्थांचे नियम आखले. आग गवताला लागते. गवत पेटलं की हवा वर उठते आणि त्या हवेत छत्री उघडली तर आपण उडतो. वादळात हातात धातूची तलवार असेल तर वीज आपल्यावर पडते. झाड तोडून नदीत टाकलं तर ते तरंगतं. सुरुवातीचं पठार पार केलं की गेम एवढंच सांगतो : तो बघ किल्ला, तिथे गॅनन नावाचा राक्षस आहे, त्याला हरव. हवं तर आत्ताच जा. मी गेले नाही. मी गवत पेटवत बसले. हे जळेल का, ते तरंगेल का, याच्यावर ते फेकलं तर काय होईल? ऑफिसात पगारासाठी लागलेल्या खोडीला इथे गेम स्वतःहून दाद देत होता. हत्यारं चारदोन घावांत मोडतात हा जाच होता, पाऊस आला की कड्यावरून हात सुटायचा आणि मी वैतागायचे. तरी मी रमले, आणि रमूनही गेम संपवला नाही. किल्ला पहिल्या तासापासून दिसत राहिला, मला तिथे जायची निकड कधी वाटली नाही.

याच गेममध्ये कोरोक नावाच्या वनदेवतांची ९०० बीजं लपवलेली आहेत. झोळ्या पूर्ण मोठ्या करायला त्यांतली निम्मीसुद्धा लागत नाहीत. तरी एखाद्याने हट्टाने सगळी ९०० गोळा केलीच तर त्याला बक्षीस काय मिळतं? सोन्याची, विष्ठेच्या आकाराची एक निरुपयोगी वस्तू. निर्माते सांगताहेत की बाबा, आम्ही नऊशे एवढ्यासाठी ठेवली की तू कुठेही भटकलास तरी एखादं सापडावं. सगळी वेच असं आम्ही म्हटलं नव्हतं. पूर्णतेच्या हव्यासाची इतकी सभ्य थट्टा दुसऱ्या कुठल्या गेमने केल्याचं मला माहीत नाही.

फेब्रुवारी २०२२च्या 'एल्डन रिंग'शी माझं बिनसलं ते वेगळ्याच कारणाने. हिदेताका मियाझाकी यांच्या चमूचे गेम कठीण असतात हे ठाऊक होतं. गुहेतून बाहेर पडलं की समोरच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार उभा. नवख्याला तो एकदोन फटक्यांत लोळवतो. त्याला बगल देऊन दुसरीकडे जा, बळ कमवून परत ये, हा त्यातला न बोलता दिलेला धडा मला पटला. नकाशावर कामांची यादी नाही, हेही पटलं. पण या गेमला पॉज नाही. दारावरची बेल वाजली, सासूबाईंनी हाक मारली, दूध उतू जायला आलं, तरी राक्षस थांबत नाही. घर चालवणाऱ्या माणसाची संध्याकाळ दर दहा मिनिटांनी तुटते. न तुटणारा वेळ हीच या गेमची खरी किंमत आहे. ती माझ्याकडे नव्हती.

पैशातली किंमतही बघायला हवी. मोठ्या कंपनीचा नवा गेम आपल्याकडे चार-पाच हजार रुपयांना पडतो. एवढे पैसे घातल्यावर तासाला किती पडले असा हिशोब माणूस करतोच, आणि कंपन्यांना तो माहीत असतो. म्हणून जाहिरातीत नकाशाचा आकार सांगायची चढाओढ लागते. १९९६च्या 'डॅगरफॉल'चा नकाशा दीड लाख चौरस किलोमीटरहून मोठा होता, म्हणजे साधारण निम्मा महाराष्ट्र. २०१६च्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात आहे, १८च्या पुढे १८ शून्यं. संगणक सूत्राने ग्रह घडवतो, त्यामुळे शून्यं वाढवायला काही पडत नाही. त्या ग्रहावर उतरून करायचं काय, हे सुचायला मात्र माणूस लागतो, आणि माणसाचं सुचणं सूत्राने वाढत नाही.

त्यात भर पडली हजेरीपुस्तकाची. २००५ साली एक्सबॉक्स ३६०ने अचीव्हमेंट, म्हणजे गेममध्ये एखादी कामगिरी पुरी केल्याची नोंद आणली, २००८मध्ये प्लेस्टेशन ३वर ट्रॉफी आल्या. तोवर मेनूत दडलेला आकडा आता नावापुढे झळकू लागला. तुम्ही काय केलं, काय राहिलं, तुमचे मित्र कुठवर पोचले, सगळं चव्हाट्यावर. पण याच पद्धतीने एक गोष्ट उघडीही केली. प्रत्येक ट्रॉफीशेजारी ती किती टक्के खेळणाऱ्यांना मिळाली हे दिसतं. कुठल्याही गाजलेल्या लांबलचक ओपन वर्ल्ड गेमची मुख्य कथा संपवल्याची ट्रॉफी काढून बघा. बहुतेकदा निम्म्याहून कमी लोकांकडे ती असते. सोसायटीच्या गणपतीत माझी कीव करणारा मुलगा बहुधा न संपवणाऱ्यांच्या बहुमतातला होता.

मी संपवलेले गेमही आहेत. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आला. ओपन वर्ल्ड नव्हे, पाच-सहा तासांचा सरळ प्रवास. भाऊ राक्षसांनी पळवलेला, बहीण त्याला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची गोष्ट सांगतात. तो जिथे संपायला हवा तिथे संपतो. आणि एक ओपन वर्ल्ड गेम मी नुसती बसून संपवला : २०१४चा 'फार क्राय ४'. हिमालयातल्या एका काल्पनिक देशात नायक आईच्या अस्थी घेऊन येतो. तिथला हुकूमशहा त्याला जेवणाच्या टेबलावर बसवतो आणि सांगतो, इथेच थांब, मी आलोच. बहुतेक खेळणारे तो गेल्यागेल्या पळ काढतात आणि पुढे तासन्‌तास बंडखोरांबरोबर लढत बसतात. पण खरंच थांबलात, पाव तास हललाच नाहीत, तर तो परत येतो, आदराने अस्थी ठेवायच्या जागी नेतो आणि श्रेयनामावली सुरू होते. अस्थींचं काम झालं, गेम झाला. कंट्रोलर खाली ठेवून मशीन चालू सोडायची मला नोकरीतच सवय होती.

यातून मी एक निष्कर्ष काढला आहे. गेम मोकळा आहे की नाही हे नकाशाच्या आकारावरून ठरत नाही. त्यातलं किती सोडून देता येतं आणि सोडलं तर तो आठवण करून देतो की गप्प बसतो, यावरून ठरतं. व्हाइस सिटी गप्प बसायचा, म्हणून अर्धा सोडूनही आम्ही सुखी होतो. विचरचा समुद्र गप्प बसत नव्हता, म्हणून त्यातला उत्तम भाग पाहूनही मी अपुरेपणाची भावना घेऊन उठले. दिवाळी अंक आपण कव्हरपासून कव्हरपर्यंत वाचतो का? दोन कथा वाचतो, एक लेख बाजूला ठेवतो, कविता चाळतो, शिमग्यापर्यंत तो उशाशी असतो आणि मग रद्दीत जातो. अंक पूर्ण वाचला नाही म्हणून संपादक दारात उभा राहत नाही.

तेव्हा नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सेटिंगमध्ये जाऊन कोपऱ्यातला छोटा नकाशा बंद करा, प्रश्नचिन्हं झाकता येत असतील तर झाका. एकच प्रदेश निवडा, एकाच माणसाची गोष्ट पुरी करा. वेलेनमधल्या त्या सरदारापर्यंत जा आणि तिथे थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा. पॉज नसलेला गेम घेण्याआधी घरातल्यांचा विचार करा. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून शंभर तासांचा गेम घेऊ नका. पैसे वाचतात, तास वाचत नाहीत. आणि कुणी विचारलं, संपवला का, तर नाही म्हणा. गेम शेवटपर्यंत नेणं हे काम आहे. मला त्याचा पगार मिळत होता तोवर मी ते केलं. तुम्हाला मिळत नसेल तर तुमच्यावर ते करायचं कसलंही बंधन नाही.